दोराला गाठ न मारता टोकाशी पक्का डोळा, म्हणजे पेड गुंफून केलेला कायमचा वळसा (आय स्प्लाइस), कसा करायचा? नवशिक्याने सुरुवात कुठून करावी?

तीन पेडी, 12 मिमी जाडीचा, जरा कडक पिळाचा दोर घ्या. विणीचा दोर आत्ता नको, त्याची रीतच वेगळी. हत्यारं थोडीच: धारदार सुरी, चिकटपट्टी आणि पेड उचकटायला लाकडी खुंटी. गुळगुळीत घासलेला जाड स्क्रूड्रायव्हरही चालतो.

टोकापासून साधारण 25 सेंमी पीळ सोडा, तिथेच चिकटपट्टी गुंडाळा, सुट्या पेडांची टोकंही बांधा. डोळ्याएवढा वळसा घेऊन मधला पेड आधी मूळ दोराच्या एका पेडाखालून घाला. डावा त्याच पेडावरून जाऊन पुढच्याखालून. आता दोर उलटा करा आणि उरलेला पेड उरलेल्या पेडाखालून, पण उजवीकडून डावीकडेच. सगळे चुकतात ते इथेच! तिन्ही पेड तीन वेगवेगळ्या फटींतून बाहेर आलेले दिसले पाहिजेत. एका फटीत दोन दिसले तर उसवा.

पुढे एकावरून, एकाखालून, नेहमी पिळाच्या उलट. काथ्याला तीन फेऱ्या पुरतात, नायलॉन निसरडा म्हणून निदान पाच. प्रत्येक फेरीनंतर तिन्ही पेड सारखे ओढा. गाठीने दोराची ताकद जवळपास निम्मी होते, नीट केलेल्या सांध्यात बरीचशी टिकते. पहिले दोन-तीन सरावाचेच धरा, त्यांवर वजन टांगू नका.