कुटुंब समुपदेशनाच्या पहिल्या सेशनला सगळं घर समोर बसतं तेव्हा

कोण कुठे बसतं ते आधी बघ. जागा तू ठरवू नकोस. आई आणि मुलगा शेजारी, सून दाराजवळच्या खुर्चीत, असं झालं की बरंच काही तिथेच कळतं.

मग तीन पिढ्यांचा जेनोग्राम, म्हणजे घरातल्या माणसांचा आणि नात्यांचा नकाशा, काढ: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, भांडणाच्या नात्याला दातेरी रेष. कागद सगळ्यांना दिसायला हवा. लग्न, बाळंतपण, निवृत्ती, आजोबांचं जाणं, सगळ्यांची वर्षं लिही. कटकटी कधी वाढल्या ते वर्षही शेजारी मांडलं की घरच्यांनाच जोड दिसू लागते. या कामाला घाई नको, एक अख्खं सेशन गेलं तरी चालेल.

"चूक कोणाची?" हे विचारूच नकोस. "सूनबाई गप्प झाल्या की सासूबाई काय करतात?" हे सासऱ्यांना विचार. एकाच्या वागण्यातून दुसऱ्याचं वागणं कसं उभं राहतं ते उघड होतं, दोष एकट्यावर राहत नाही.

नवखे समुपदेशक हमखास चुकतात ते रडणाऱ्याची बाजू घेऊन. दुसरी चूक, मुलाला निरोप्या होऊ देणं. "आईला सांग ना" असं सून म्हणाली की तिथेच थांबव आणि तिला सासूबाईंकडे वळून थेट बोलायला लाव. दोन-तीन मिनिटं पुरतात.

मारहाणीची शंका आली तर मात्र एकत्र सेशन घेऊ नकोस. प्रत्येकाशी वेगळं बोल, आणि बाईला 181 हा हेल्पलाइन क्रमांक ती एकटी असताना दे.