जव्हारजवळ आदिवासी सांस्कृतिक केंद्राचं डिझाइन करायचं आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाची थीसिस आहे, जव्हार-विक्रमगड रस्त्यालगत दोन एकर जागा धरली आहे आणि तिथे स्थानिक आदिवासी वारशाचं ‘इंटरप्रिटेशन सेंटर’ करायचंय. बाहेरच्या भिंतींवर वारली चित्रं काढावीत का आणि आत काय काय मांडावं, हे तुमचे दोन प्रश्न. पहिल्याचं उत्तर एका शब्दात देतो : नको. का ते खाली येईल. त्याआधी माझी स्वतःची फजिती सांगतो, तुमचे काही महिने वाचतील.

पंधराएक वर्षांपूर्वी, हा भाग ठाणे जिल्ह्यातच होता तेव्हा, अशाच एका केंद्राचं काम मी केलं. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरच्या नाचासाठी मोठ्या हौसेने गोल अँफिथिएटर काढलं. काळ्या दगडाच्या पायऱ्या, मधल्या गोलात पॉलिश केलेला कडाप्पा आणि बरोबर केंद्रबिंदूवर तारपा वाजवणाऱ्याचा फायबरचा पुतळा. ड्रॉइंगमध्ये फार सुरेख दिसत होतं. उद्घाटनाला जवळच्या पाड्यावरची मंडळी नाचायला आली. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या तारपकऱ्याने गोलाला एक फेरी मारली आणि मला विचारलं, “मी कुठं उभा राहू?” त्याच्या जागेवर मी पुतळा उभा करून ठेवला होता! शेवटी सगळे पार्किंगच्या मुरमावर गेले आणि तिथे नाचले. पाहुणे पायऱ्यांवरून उठून तिकडे. माझा कडाप्पा रिकामा.

त्या रात्री मी जे बघितलं ते आधी बघायला हवं होतं. तारपकरी मध्ये असतो. हातात घोळकाठी घेतलेला पुढारी रांगेच्या टोकाला, आणि कमरेला हात घालून बांधलेली ती रांग तारप्याभोवती आत-बाहेर वळसे घेत फिरते. तारप्याकडे पाठ करायची नाही. सूर बदलला की पाय बदलतात, म्हणजे खरी सूत्रं त्या सुकवलेल्या दुधीच्या, बांबूच्या आणि ताडाच्या पानांच्या वाद्याकडे. जमीन ठोकून सारवलेली, खळ्यासारखी, कारण अनवाणी पाय आपटायचे असतात. आणि बघे म्हणून वेगळे कोणी नसतात, आला तो हात धरतो. मी पायऱ्या बांधल्या तिथेच निम्म्या लोकांना प्रेक्षक करून टाकलं होतं. तुम्हाला एवढंच सांगेन की पन्नासएक फुटांचं मोकळं मातीचं अंगण ठेवा, पाण्याचा निचरा नीट काढा, कडेला झाडं लावा आणि मध्ये काहीही ठेवू नका. दिव्याचा खांबसुद्धा नको.

आता सर्वांत महत्त्वाचं, जे साइट अ‍ॅनालिसिसच्या शीटवर कधीच येत नाही. सूर्याची दिशा, वारा, उतार हे सगळं तुम्ही काढाल, पण या लोकांचं वर्षही काढा. तारप्याचे दिवस म्हणजे भात तयार व्हायला लागल्यापासून कापणी-मळणीपर्यंत, दिवाळीच्या आगेमागे. परंपरेने बाकीच्या वेळी तो वाजवत नाहीत. लग्नघरच्या भिंतीवर काढायचा चित्रांचा चौक लग्नातच लिहितात. बोहाडा म्हणजे मुखवटे घालून नाचायचा उत्सव, त्याची सोंगं होळीपासून पुढे उन्हाळ्यात निघतात, आणि कोणतं सोंग कोणी नाचवायचं याचे मान ठरलेले असतात. याच्यावर दुसरं एक वर्ष चढलेलं आहे. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. वसई, भिवंडी, त्याही पुढे. होळीला चार दिवस येतात, पुन्हा जातात, आणि पावसाच्या तोंडावर शेतीसाठी परततात. पर्यटकांचा हंगाम कोणता? नेमका हिवाळा. म्हणजे मुंबईची गाडी जयविलास राजवाडा बघून तुमच्या केंद्रात येईल तेव्हा ज्यांचं हे केंद्र ते भिवंडीत विटा थापत असतील. ‘रोज दुपारी चार वाजता तारपा शो’ असं तुमच्या प्रोग्रॅममध्ये असेल तर तो कोण करणार, याचं उत्तर तुमच्याकडे हवं. माझ्या मते तसा शो नसावाच. दालनं अशी आखा की पावसाळ्यात एक गोष्ट उघडी असेल, दिवाळीत दुसरी, वैशाखात तिसरी. काही महिने एखादी खोली बंद राहिली आणि दारावर ‘याचे दिवस अजून आले नाहीत’ असं लिहिलेलं असलं, तर बघणाऱ्याला त्यातूनच पुष्कळ कळतं.

आता भिंती. वारली चित्रांचं मूळ लग्नाच्या घरात आहे. आतल्या, गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मध्ये पालघट देवी, बाजूला पंचशिऱ्या हा पाच डोक्यांचा देव. लग्न लावते धवलेरी, तीही बाईच, आणि तिच्या गाण्यांशिवाय चौक पुरा होत नाही. लग्न उरकलं की चित्राचं कोणी जतन करत नाही. ते विरतं, त्यावर पुन्हा सारवण येतं. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी या लोकांच्या हातात कागद दिला. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी तो कागद जगभर नेला आणि २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तो प्रवास थोर आहेच, त्यावर एक दालन जरूर करा. पण त्याच प्रवासाची स्वस्त आवृत्ती म्हणजे आज प्रत्येक टोलनाक्यावर, शौचालयावर आणि फ्लायओव्हरच्या खांबावर अ‍ॅक्रिलिकमध्ये फेर धरून नाचणारी ती त्रिकोणी माणसं. २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळूनही त्यातली बरीचशी कोण रंगवतं ते विचारू नका. तुमच्या केंद्राच्या बाहेरच्या भिंतीवर तेच आलं तर बसस्टँड आणि केंद्र यांत फरक काय राहिला?

त्याऐवजी आत एक भिंत मातीची ठेवा, दरवर्षी सारवायची. एखाद्या वर्षी कुणाच्या घरचं लग्न तिथे लागलं तर त्या बाया तिच्यावर चौक लिहितील, नाही लागलं तर ती कोरी राहील. ज्युरीला कोरी भिंत पटवणं तुमच्यावर, पण मी ज्युरीवर असतो तर तिलाच सर्वांत जास्त मार्क दिले असते.

बांधकामाबद्दल तुम्ही ‘व्हर्नाक्युलर मटेरियल’ एवढंच लिहिलंय. इथल्या भिंती कुडाच्या. कारवीच्या काठ्या बांधून दोन्ही बाजूंनी माती, तूस आणि शेण यांचा लेप. जव्हारला पाऊस बेदम, त्यामुळे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील एवढं छप्पर बाहेर काढतात. हे सगळं तुम्ही काढालच. पुस्तकात सहसा न सापडणारी गोष्ट धुराची आहे. घरातल्या छपराचा बांबू वर्षानुवर्षं टिकतो तो खाली चूल पेटते म्हणून. धुराने तो काळा होतो आणि भुंगा लागत नाही. संग्रहालयात चूल नसते. तेव्हा तसंच छप्पर केलंत तर दोन पावसाळ्यांत बांबूतून पिवळं पीठ गळायला लागेल आणि मग कोणीतरी वर निळा पत्रा टाकेल. एक तर बांबूवर बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया करा, नाहीतर सरळ खरीखुरी चूल ठेवा. मी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूचा आहे. चुलीवर नागलीची भाकरी होईल, पावसाच्या सुरुवातीला शेवळं आणि काकडं शिजतील, रानभाज्या ओळखणाऱ्या बायांना रोजगार मिळेल आणि छप्पर फुकटात टिकेल. फायर एनओसीवाले डोळे वटारतील. चुलीसाठी मुख्य इमारतीपासून सुटं घर काढा.

आत काय मांडायचं? वस्तू कमी, आवाज जास्त. या पट्ट्यातलं ज्ञान बरंचसं कानावाटे गेलेलं आहे. धान्याची देवी कणसरी, तिची कथा घांगळी या तंतुवाद्यावर रात्रभर चालते. कोकणा जमातीत काशाच्या थाळीवर मेणाने काडी चिकटवतात आणि ती काडी बोटांनी ओढत कथा सांगतात. तो घुमणारा स्वर काचेच्या कपाटातल्या थाळीतून ऐकू येत नाही. तेव्हा एक अंधारी, जाड भिंतींची, जमिनीवर बसायची खोली करा. ध्वनिमुद्रण करायचं तर सांगणाऱ्याची परवानगी घेऊन, मानधन देऊन, आणि प्रत त्याच्या घरी राहील असं. पाट्या आधी वारली, कोकणा, कातकरी बोलींत देवनागरीत लिहा, त्याखाली प्रमाण मराठी. आणि ‘वारली’ हाच शब्द सगळ्यांवर पसरू नका. कातकरी वेगळे, खैराच्या कातावरून नाव पडलेले, राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित जमातींपैकी एक. त्यांच्याकडे चौक नाही म्हणून त्यांच्या वाट्याला कोपऱ्यातलं एक पॅनल, असं मी पाहिलंय. महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर हेही आहेतच.

देव आणू नका. वाघदेवाचे कोरीव लाकूड-दगड गावाच्या शिवेवर आहेत, तिथेच राहू देत. उलट केंद्रातून तिथवर जाणारी पायवाट दाखवा, तीही गावाने हो म्हटलं तरच.

आणि नाच-गाण्याच्या पलीकडचा एक इतिहास जो अशा केंद्रांतून हमखास गळतो. १९४५चा वारल्यांचा उठाव. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी आयुष्यभर सावकाराकडे राबणारा ‘लग्नगडी’, वेठबिगार, गोदावरी परुळेकर आणि किसान सभा, तलवाड्याच्या गोळीबारात गेलेला जेठ्या गांगड. लग्नाचा चौक एका दालनात आणि लग्नगडी पुढच्याच दालनात असेल तर बघणारा आपोआप थांबतो. निधी देणारे ‘वातावरण जड होतं’ म्हणतात. म्हणू देत.

बघायला जायचंच असेल तर भोपाळला जा. तिथल्या मानव संग्रहालयातली आदिवासी घरं त्या त्या समाजाच्या लोकांनी येऊन बांधली आहेत. गावातच २०१३मध्ये उघडलेलं जनजातीय संग्रहालय आहे, ते फार देखणं, थोडं जास्तच देखणं. गुजरातेत तेजगढची आदिवासी अकादमी मात्र मला जवळची वाटते, कारण ती राठवा आदिवासींच्या मुलखातच आहे.

किल्ली कोणाकडे, हे प्लॅनवर काढता येत नाही पण रिपोर्टमध्ये लिहा. जव्हार तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे पेसा, म्हणजे ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा, लागू आहे. तेव्हा ग्रामसभेचा ठराव तुमच्या कन्सेप्ट शीटच्या आधी हवा. माझ्या त्या केंद्राची किल्ली तालुक्याच्या गावी एका टेबलाच्या खणात असायची. पाड्यावरच्या लोकांना अंगण झाडायलासुद्धा अर्ज करावा लागे. पुढे त्यांनी यायचं सोडलं.

तुमच्या साइटच्या फोटोत ईशान्येच्या कोपऱ्यात एक मोठं झाड दिसतंय. मोह असावा, जाऊन खात्री करा. असेल तर त्याची फुलं कोण वेचतं ते पाड्यावर विचारा. झाड तुमच्या सातबाऱ्यात असलं तरी वेचणारं घर ठरलेलं असू शकतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उजाडायच्या आत ते येतील, तेव्हा वॉचमन झोपलेला असेल. कुंपणाला त्या बाजूने कुलूप नसलेलं एक फाटक दाखवा.