पान पिवळे पडले म्हणजे नत्रच कमी?

प्रश्न : सोयाबीन महिन्याचे झाले आहे. पिकाला नत्र कमी पडले आहे. एकरी किती युरिया टाकू?

उत्तर : युरियाचे नंतर बघू. पीक कसे दिसते ते तुम्ही लिहिलेच नाही, थेट कारण लिहिले आहे. डोळ्यांना दिसते ते पिवळे पान. नत्र कमी पडले हा त्यावरून तुम्ही बांधलेला अंदाज. तो खरा ठरेलही, पण पान पिवळे पडायला कारणे पुष्कळ आणि प्रत्येकाचा उपाय निराळा.

आधी झाडापाशी बसा. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर आहे की शेंड्याच्या कोवळ्या पानांवर? नत्र कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्यांना पुरवते, म्हणून खालचे पान आधी आणि सबंध फिके पडते. लोहाला झाडात असे हलता येत नाही. शेंड्याची पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर संशय लोहावर जातो. चुनखडीच्या किंवा पाणी साचणाऱ्या जमिनीत हे नेहमीचे. तिथे युरियाचा काही उपयोग नाही. पानावर पिवळे-हिरवे चट्टे असतील आणि अशी झाडे शेतात विखुरलेली असतील, तर पिवळा मोझॅक हा विषाणूचा रोग असू शकतो. तो पांढरी माशी पसरवते, ती पानाच्या खालच्या बाजूला शोधा.

मग एक झाड खुरप्याने उकरून काढा, ओढू नका. मुळावर गाठी दिसतात, एवढेच निरीक्षण. त्या रायझोबियम या उपयोगी जिवाणूच्या की सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळात शिरणाऱ्या बारीक कृमीच्या, हे अजून ठरायचे आहे. बोटाने घासल्यावर सुटून येते ती रायझोबियमची. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेले, ती सुटत नाही. सुटलेली गाठ नखाने फोडा. आत गुलाबी असेल तर ती हवेतले नत्र पिकाला देते आहे. अशा गाठी भरपूर निघाल्या, तर नत्राचा अंदाज बराच डळमळतो.

लोहाचा संशय आला, तरी सगळे शेत फवारू नका. 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट घेऊन चार ओळी फवारा, शेजारच्या चार तशाच सोडा. सरसकट फवारलेत आणि पीक हिरवे झाले, तर ते फवाऱ्याने की उघडीप मिळून वाफसा आल्याने, हे कळायला मार्ग उरत नाही. छातीठोकपणे सांगणारे मात्र पुष्कळ भेटतात.

प्रश्न : टोमॅटोला बुरशीची मर लागली आहे. औषध सांगा.

उत्तर : रोपे कोमेजली, इतकेच दिसले आहे, बुरशी कोणी पाहिलेली नाही. माती ओली असून कोमेजली का, ते कळवा. खोडाचा जमिनीलगतचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांगून धरा. काही मिनिटांत दुधाळ धार खाली उतरली, तर ती जिवाणूजन्य मर. बुरशीनाशक वाया जाईल. धार आली नाही म्हणून बुरशीच, असेही नाही. मुळासकट रोप तपासणीला पाठवा.