'भिंतीतील' रक्त की 'भिंतीतून' रक्त?

प्रश्न असा आहे: हृदयाची शस्त्रक्रिया चालू असताना महाधमनीच्या भिंतीतला रक्तप्रवाह लेझर डॉप्लरने (लेझरचा प्रकाश टाकून हलणाऱ्या लाल पेशी टिपणाऱ्या यंत्राने) मोजतात, अशा विषयावरच्या लेखाला मराठी मथळा हवा आहे. सुचलेली तीन रूपं अशी: 'महाधमनीतील रक्तप्रवाहाचे मापन', 'महाधमनी भिंत रक्तप्रवाह मापन' आणि 'महाधमनीच्या भिंतीतून वाहणाऱ्या रक्ताचे मोजमाप'. यांतलं बरोबर कोणतं, आणि 'व्हासा व्हासोरम'ला मराठीत काय म्हणायचं?

तिन्ही बदलायला हवीत, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं आहे.

पहिल्यात वस्तूच बदलली. महाधमनीतला प्रवाह म्हणजे हृदयातून निघून शरीराकडे जाणारं रक्त. विश्रांतीत असलेल्या प्रौढ माणसात ते मिनिटाला सुमारे 5 लिटर भरतं. लेखाचा विषय त्या नळीच्या भिंतीला, म्हणजे जेमतेम 2 मिलिमीटर जाडीच्या जिवंत मांसल थराला, मिळणारं रक्त हा आहे. शेतातला पाट डोळ्यांसमोर आणा. पाटातून जाणारं पाणी वेगळं आणि पाटाच्या बांधातली ओल वेगळी. बांधाच्या आतल्या अंगाला वाहत्या पाण्याची ओल आपसूक लागते, बाहेरच्या अंगाला लागत नाही. महाधमनीतही असंच आहे. आतला थर पोकळीतल्या रक्तातून झिरपणाऱ्या प्राणवायूवर भागवतो. बाहेरच्या थरांना मात्र स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्या लागतात, आणि त्याच व्हासा व्हासोरम.

तिसऱ्या रूपातली चूक एका प्रत्ययाची आहे, पण ती सगळ्यांत घातक. 'भिंतीतून पाणी येतंय' असं म्हटलं की मराठी माणूस गळती शोधायला लागतो. 'महाधमनीच्या भिंतीतून वाहणारे रक्त' वाचून हृदयशल्यविशारदाच्या मनात पहिला विचार रक्तस्रावाचाच येईल. 'नळीतून' ठीक, कारण नळी पोकळ असते. भिंतीच्या बाबतीत 'भिंतीतील' किंवा 'भिंतीत' हवं.

दुसऱ्या रूपात शब्द चुकीचा नाही, पण विभक्ती गायब आहे. चार नामं एकापुढे एक रचली की मराठीत त्यांचं नातं कळत नाही. भिंत महाधमनीची, प्रवाह भिंतीतला, मापन प्रवाहाचं, हे प्रत्ययांनीच सांगावं लागतं.

आता 'प्रवाह' या शब्दाकडे. वाहणं आणि खेळणं यांतला फरक मराठीत आधीपासून आहे. नदी वाहते, पण वाफ्यात पाणी खेळवतात. पोकळीत रक्त वाहतं, भिंतीत ते खेळतं. सलग मजकुरात 'भिंतीत रक्त नीट खेळतंय का' असं लिहिलं तर डॉक्टरलाही कळतं आणि रुग्णाच्या नातेवाइकालाही. मथळ्याला नाम लागतं, तिथे इंग्रजी 'परफ्युजन'साठी 'रक्तसिंचन' हा शब्द मला सगळ्यांत योग्य वाटतो. 'रक्तपुरवठा' फार सैल आहे. भिंतीच्या आतल्या अंगाला वाहिन्यांशिवाय जे मिळतं तेही त्यात येतं, आणि ते लेझर डॉप्लर मोजतच नाही. 'रक्ताभिसरण' सबंध शरीराचं.

इथे एक सावधगिरी हवी. शस्त्रक्रियागृहात 'परफ्युजन' म्हणजे बहुतेक वेळा हृदय-फुप्फुस यंत्राने सगळ्या शरीराला दिलेलं रक्त. ते यंत्र चालवणारा तो परफ्युजनिस्ट. म्हणून नुसतं 'सिंचन' न लिहिता 'भित्तिसिंचन' किंवा 'भिंतीतील रक्तसिंचन' लिहावं. 'बायपास'चंही तसंच. घरी 'बायपास झाली' म्हणजे हृदयधमन्यांची शस्त्रक्रिया, पण शोधनिबंधातलं 'बायपासवर असताना' म्हणजे रुग्ण पंपावर, म्हणजेच हृदय-फुप्फुस यंत्रावर, असताना. तिथे सरळ 'पंपावर' लिहा, तोच बोलीतला शब्द आहे.

लेखात नेमकं काय मोजलंय अशी शंका आली, तर आधी एकक पाहा. नुसतं 'मिलिलिटर प्रति मिनिट' असेल तर प्रवाह पोकळीतला आहे. वाहिनीभोवती आकडीसारखा बसणारा ट्रान्झिट टाइम फ्लोमीटर ध्वनिलहरी प्रवाहाच्या दिशेने आणि उलट पाठवून वेळेतला फरक मोजतो, आणि बायपासमध्ये जोडलेली नवी वाहिनी नीट चालते का हे त्यावर तपासतात. तिथे 'प्रवाह' बरोबर. 'मिलिलिटर प्रति मिनिट प्रति ग्रॅम' असेल तर ते ऊतीचं सिंचन आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत रक्तात सूक्ष्मगोल (अतिबारीक मणी) सोडून ते काढतात. आणि 'परफ्युजन युनिट' असेल तर लेझर डॉप्लर. यातला आकडा सापेक्ष असतो. हलणाऱ्या लाल पेशींची दाटी आणि त्यांचा वेग यांच्या गुणाकाराशी तो प्रमाणात असतो, त्याचं मिलिलिटरमध्ये रूपांतर होत नाही. अनुवादात 'सिंचन 40 मिलि' असं कधीही लिहू नये. 'सिंचन-एकके 40' लिहावं.

एकक सापेक्ष असल्यामुळे क्रियापदंही जपून निवडावी लागतात. 'प्रवाह निम्मा झाला' न म्हणता 'वाचन निम्म्यावर आले' म्हणावं, कारण वाचन उतरायला बाकीची कारणं पुष्कळ असतात. पंपावर घेतल्यावर यंत्रातल्या द्रवामुळे रक्त पातळ होतं, लाल पेशींची दाटी घटते, आणि रक्त तितकंच खेळत असलं तरी आकडा खाली येतो. प्रोबचं, म्हणजे यंत्राच्या टेकवायच्या कांडीचं, टोक भिंतीवर दाबलं गेलं तर खालच्या बारीक वाहिन्या चेपतात आणि आकडा पुन्हा घसरतो. म्हणून निबंधात जिथे टोक नुसतं टेकवल्याचा उल्लेख असतो तिथे 'दाबून धरले' लिहिणं ही केवळ शैलीची चूक नव्हे, त्याने पद्धतच उलटी होते. 'अलगद टेकवले' हा नेमका शब्द. उलट धडधडत्या हृदयाबरोबर महाधमनी हलली, किंवा जवळ विद्युत-दाहनी (विजेने ऊती जाळून कापणारं उपकरण) चालू असली, की आकडा खोटाच वर जातो. प्रवाह पूर्ण थांबला तरी थोडं वाचन उरतं, त्याला 'बायॉलॉजिकल झिरो' म्हणतात. 'जैविक शून्य' हे भाषांतर चालेल, पण पहिल्या वेळी 'प्रवाह नसतानाचे उरलेले वाचन' असं सोबत द्यावं, नाहीतर वाचक त्याला खरंच शून्य समजतो.

लेझरची पोहोच साधारण 1 मिलिमीटरची, म्हणजे तो मुख्यतः भिंतीच्या बाहेरच्या भागाचं सांगतो. मजकुरात 'संपूर्ण भिंतीतील' हे विशेषण आपल्या पदरचं घालू नये. शल्यविशारदाला काळजीही याच भागाची असते. क्लॅम्प (चिमटा) लावायला किंवा कॅन्युला (पंपाची नळी) घालायला जागा करताना महाधमनीवरची चरबी आणि बाह्य आवरण सोललं जातं, आणि पोषक वाहिन्या नेमक्या तिथूनच आत शिरतात. चढत्या महाधमनीच्या भिंतीला त्या हृदयधमन्यांच्या आणि कमानीवरच्या मोठ्या धमनीच्या शाखांतून येतात.

'व्हासा व्हासोरम' लॅटिन आहे. 'व्हास' म्हणजे वाहिनी, 'व्हासा' तिचं अनेकवचन, 'व्हासोरम' म्हणजे 'वाहिन्यांच्या'. शब्दशः 'वाहिन्यांच्या वाहिन्या'. म्हणून 'व्हासा व्हासोरम दिसते' चूक, 'दिसतात' बरोबर. 'केशवाहिन्या' हे भाषांतर करू नये, कारण यात छोट्या धमन्या आणि शिराही असतात. 'भित्तिपोषक वाहिन्या' हा शब्द काम सांगतो आणि उच्चारायलाही सोपा आहे. सुटा शब्द 'भित्ती' दीर्घ, समासात 'भित्तिपोषक' ऱ्हस्व, 'भित्तिचित्र'सारखा.

'महाधमनी' की 'महारोहिणी'? मराठी विश्वकोशात रोहिणी, नीला, महारोहिणी ही परिभाषा सापडते, पण आजच्या वाचकाला धमनी आणि शिरा जास्त ओळखीच्या आहेत. कोणतीही घ्या, फक्त एका लेखात एकच जोडी ठेवा. 'महारोहिणी' आणि 'शिरा' असं मिश्रण नको.

मथळा मी असा करेन: 'हृदयशस्त्रक्रिया चालू असताना महाधमनीच्या भिंतीतील रक्तसिंचनाचे लेझर डॉप्लरने मापन'. लांब आहे, पण आकृतीखाली 'भित्तिसिंचन (सिंचन-एकके)' एवढं पुरतं.