सफरचंद राहू द्या, मुळ्याचा पाला आणा

प्रश्न : ताई, आम्ही कुर्ल्याला राहतो. यांची रिक्षा भाड्याची, मी दोन घरची धुणीभांडी करते. तेरा वर्षांच्या मुलीला सारखी चक्कर येते म्हणून दवाखान्यात नेलं, तर रक्त (हिमोग्लोबिन) 9 निघालं. गोळ्या दिल्या आणि फळं, पालेभाज्या, सुकामेवा खाऊ घाला म्हणाले. सफरचंदाचा भाव ऐकूनच मी मागे फिरते. हे दर महिन्याला कुठून आणू?

उत्तर : सफरचंद आधी मनातून काढून टाका. रक्त वाढायला त्याचा फारसा उपयोग नाही. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत, 9 वर आलेलं रक्त नुसत्या खाण्याने भरून निघत नाही. शौचाला काळी होते म्हणून पुष्कळ मुली गोळ्या मध्येच टाकून देतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गोळीच्या आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा देऊ नका, त्याने लोह अंगी लागत नाही.

82 च्या गिरणी संपात मी तुमच्या मुलीएवढीच होते. लालबागला राहायचो, घरात पगार बंद. भाजीवालीने टाकायला काढलेला मुळ्याचा, फ्लॉवरचा पाला आई संध्याकाळी मागून आणायची. आधी स्वच्छ धुवायची, मग बारीक चिरायची. लसणाची फोडणी, वरून मूठभर बेसन पेरून झाकण. दणदणीत वाफ आली की वास खोलीबाहेर जायचा. मुळ्यापेक्षा त्याच्या पाल्यात लोह जास्त, हे मला पुढे अंगणवाडीत काम करताना कळलं. तुम्हीही पाला मागून घ्या, लाजू नका. माठ, शेपू, शेवग्याचा पाला, जे स्वस्त असेल ते. रात्री नऊनंतर भाजीवाल्या उरलेले वाटे कमी पैशांत देतात. ताटात लिंबाची फोड हवीच, तिच्यामुळे लोह अंगी लागतं. मासे खात असाल तर आठवड्यातून एकदोनदा सुकट करा.

आता पैशांचं. रेशनकार्डावर मुलीचं नाव चढलंय का, आजच बघा. रेशनच्या प्राधान्य यादीतल्या कुटुंबाला महिन्याला माणशी 5 किलो धान्य मिळतं, जानेवारी 2023 पासून फुकट. चौघांचे 20 किलो होतात. एक नाव राहिलं तर तेवढं धान्य तुम्ही विकत घेता आणि तो पैसा भाजीतून जातो.

दोन मुलांना सकाळ-संध्याकाळ पाच रुपयांचा बिस्किटपुडा म्हटलं तर दिवसाचे 20, महिन्याचे 600 रुपये होतात. मी तुम्हाला बोल लावत नाही. कामाला पळणाऱ्या आईला पुडाच सोयीचा पडतो. पण सकाळी निघताना मटकी भिजत घाला, रात्री फडक्यात बांधा. मुंबईच्या उकाड्यात सकाळपर्यंत मोड येतात. कांदा, मीठ, लिंबू घालून वाटीभर दिली की मुलं खातात. संध्याकाळी शेंगदाणे आणि गुळाचा खडा. तुमच्या घरचा सुकामेवा तोच.

एक विचारते, राग मानू नका. तुमच्याकडे शेवटी कोण जेवतं? मी पाहिलेल्या कितीतरी घरांत आई आणि मुलगी मागाहून बसायच्या. तोवर भाजीचा तळ दिसायला लागलेला असायचा, मग भात आणि पातळ वरण. लेकीचं ताट सगळ्यांबरोबर वाढा, भाजी तिला आधी. आणि पुढच्या वेळी तिला तपासायला न्याल तेव्हा तुमचंही रक्त तपासून घ्या.