रुखवताचं तबक आणि बाटलीची पानं

प्रश्न : ताई, घरच्या छोट्या भट्टीत 20 सेंटीमीटरचं ताट केलं. खाली खिडकीची काच, वर हिरव्या बाटलीच्या तुकड्यांची पानं. 820 अंशांवर सगळं छान एकजीव झालं. दुसऱ्या दिवशी पूर्ण गार झाल्यावरच बाहेर काढलं. आठ दिवस शोकेसमध्ये होतं, मग एका रात्री टिंग आवाज आला आणि पानाच्या कडेकडेने तडा गेला. गार करण्यात माझं चुकलं का? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : तडा पानाच्या कडेने गेला हे लिहिलंत ते फार बरं केलंत. गार करण्यात घाई झाली असती, तर तडा बहुधा ताटातून आडवा, वळणं घेत गेला असता. जोडावरून गेला, म्हणजे दोन काचा एकमेकींशी जुळत नाहीत.

काच तापली की वाढते, निवली की आखडते; प्रत्येकीचं माप वेगळं. फ्यूजिंगच्या, म्हणजे भट्टीत वितळवून जोडायच्या काचेवर 90 किंवा 96 लिहिलेलं असतं ते याच मापाचं. ही दोन मापं एका ताटात आली, तर 500 अंश निवताना 20 सेंटीमीटरमागे 0.06 मिलिमीटरचा फरक पडतो. केसाच्या जाडीएवढाच! पण घट्ट झालेली काच तेवढंही सोडून देत नाही, ताण आत धरून ठेवते. बाटली आणि खिडकी दोन्ही सोडा-लाइम, म्हणजे रोजच्या वापरातल्या साध्या काचाच, तरी त्यांचे घटक तंतोतंत सारखे नसतात.

नौपाड्यातल्या माझ्या खोलीत मी भाचीच्या रुखवतासाठी तीन वेगवेगळ्या बाटल्यांचं तबक केलं होतं. मांडायच्या आदल्या रात्री ते कपाटातच दुभंगलं. तेव्हापासून चाचणीशिवाय मी दोन काचा एकत्र करत नाही.

तुम्हीही करून बघा. खिडकीच्या काचेच्या पट्टीवर बाटलीचा नखाएवढा तुकडा ठेवून भट्टीत लावा. उतरताना 540 अंशांवर तासभर थांबा, मग 430 पर्यंत तासाला 60 अंशांनी उतरा. पट्टी गार झाली की लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा. पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर हळूहळू फिरवा. पडदा काळा झाला की थांबा आणि पट्टी मधे धरा. तुकड्याभोवती उजेडाचं वलय दिसलं तर तिथे ताण आहे. वलय जितकं ठळक, तितका धोका जास्त. पहिल्यांदा ते वलय दिसलं तेव्हा मी कितीतरी वेळ तशीच उभी होते. तबक का गेलं, ते त्या उजेडात समोर दिसत होतं.

पानं हवीच असतील, तर एकाच काचेचे दोन तुकडे घ्या आणि मधे पातळ तांब्याच्या फॉइलची पानं कापून ठेवा. हिरवी नाही, लालसर उतरतील. आणि तडकलेलं ताट पुन्हा भट्टीत घालू नका. जुळेल, पण त्याच जोडावर पुन्हा तडकेल.