सासवडहून ४० किमीचा मुरमाड लूप कसा आखावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डांबरी रस्त्यावर ५० किमी सहज होतात, ४० मिमी टायरची ग्रॅव्हल (कच्च्या वाटांसाठीची) सायकल आहे, तर सासवडच्या आसपास फार न दमवणारा, कच्च्या वाटांचा लूप कसा आखायचा?

किलोमीटर नंतर मोजा, आधी माती बघा. पुरंदरात टेकड्यांच्या अंगाला मुरूम आहे आणि कऱ्हा नदीकाठच्या सखल रानात काळी माती. मुरमातून पाणी निचरून जातं, त्यामुळे मोठ्या पावसानंतरही दुसऱ्या दिवशी वाट चालू होते. काळ्या रानातल्या पाणंदीला मात्र तीन-चार दिवसांचं कडक ऊन लागतं. ओली काळी माती टायर आणि फोर्कच्या (चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) मधे थापली जाते आणि पन्नासेक मीटरमध्ये चाक फिरायचंच थांबतं. तेव्हा पेडलवर जोर देऊ नका. चिखलात गुंतलेला डिरेलर (गिअर बदलणारा भाग) मागे ओढला जातो आणि त्याचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला धरणारी पट्टी, मोडतो. उतरा, काटकीने माती काढा, सायकल उचलून कडेच्या गवतावर न्या. या एका कारणासाठी पावसाळ्यातला आणि हिवाळ्यातला लूप वेगळा आखावा असं माझं ठाम मत आहे.

उपग्रह नकाशात मुरमाड वाट फिकट तांबूस दिसते, काळ्या रानातली करडी. दोन चाकोऱ्या स्पष्ट दिसत असतील तर ट्रॅक्टर जातो. मधे हिरवळ माजलेली असेल तर वापर कमी. वाट दोन वस्त्यांना किंवा गावांना जोडते का, हे शेवटपर्यंत झूम करून पाहा. कारण रानातल्या निम्म्या वाटा विहिरीपाशी नाहीतर खळ्यापाशी संपतात, आणि फोनमधलं अ‍ॅप त्यावरूनही बिनधास्त मार्ग काढून देतं. ओढा कुठे ओलांडायचा आणि तिथे मोरी आहे का, तेही पाहून ठेवा.

गावांचा क्रम असा धरा: सासवड, हिवरे, चांबळी, गराडे, कोडीत, नारायणपूर आणि परत सासवड. आधी डांबरी रस्त्यानेच पूर्ण लूप आखा, मग गावागावांमधला एकेक तुकडा कच्च्या वाटेने बदलत जा. निम्मा कच्चा झाला की थांबा. अशाने कुठेही अडलात तरी डांबर जवळ राहतं. हा क्रम घड्याळाच्या उलट दिशेचा आहे, म्हणून वळणं बहुतेक डावीकडे येतात आणि समोरची वाहनं ओलांडावी लागत नाहीत. शिवाय उन्हाळ्यात वारा पश्चिमेकडून सुटला, तर तो परतताना पाठीवर मिळतो.

वेळेचा हिशेब असा: डांबरावर ताशी २०, मुरमावर १४, नव्याने पसरलेल्या सुट्या खडीवर ८ किमी. दर १०० मीटर चढाला १० मिनिटं वाढवा. २० किमी डांबर, २० किमी मुरूम आणि ४५० मीटर चढ म्हणजे सव्वातीन तास. थांबे धरून चार. चढ ५०० मीटरच्या वर गेला तर लूप ‘मध्यम’ राहत नाही. सकाळी सहा-सव्वासहाला निघा. गुरुवारी आणि पौर्णिमेला नारायणपूरला दत्तदर्शनाची गर्दी असते, ते दिवस टाळा. माउलींची पालखी सासवड मुक्कामी असते तेव्हाही नको.

टायरमधल्या हवेत बहुतेकांची चूक होते. ७० किलो वजनाला ट्यूबलेस (बिनट्यूबचा टायर) असेल तर पुढे ३२, मागे ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरे. ट्यूब असेल तर दोन्हीकडे ५ वाढवा, नाहीतर दगडावर रिम आपटून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. खरा शत्रू बाभळीचा काटा. कुंपणाच्या काट्या वाटेवर पसरलेल्या असतात, सराटे वेगळेच. ट्यूबलेसमध्ये प्रत्येक चाकात ६० ते ९० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) हवं. आपल्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं, म्हणून निघण्याआधी चाक हलवून आत द्रव हिंदकळल्याचा आवाज ऐका. काटा उपसला की भोक खाली येईल असं चाक फिरवून मिनिटभर थांबा. ट्यूब बदलताना टायरच्या आतून फडकं फिरवा. ते जिथे अडकेल तिथे काट्याचं मोडलेलं टोक असतं. ते काढल्याशिवाय नवी ट्यूब घातली तर तीही जाते. दोन ट्यूब, पंप, चेनची जोडकडी आणि आपल्या सायकलचा जादा हँगर बरोबर असू द्या. पाणी तासाला पाऊण लिटर धरा, गावात भरून घेता येतं.

वस्तीवर कुत्री धावून आली तर उतरा, सायकल मधे ठेवून चालत पुढे सरका. उभ्या पिकातून किंवा बांधावरून सायकल घालू नका. वाट विचारताना ‘ही कोडीतला जाते ना?’ असं विचारलं की समोरचा भिडेखातर हो म्हणतो. ‘दादा, ही वाट कुठं निघते? मोटारसायकल जाते का पुढं?’ असं विचारा. मोटारसायकल जात असेल तर तुमची सायकलही जाईल.